अंग चुकत नसतं

घराच्या पुढच्या खोलीत मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा, आणि उरलेल्या जागेत मास्तरांची बडबड. पोट सुटलेलं गिऱ्हाईक ओशाळून श्वास आत ओढायला लागलं की ते टेप सैल करायचे. "सोडा श्वास. अंग चुकत नसतं, चुकतं ते कापड." माणूस खूश होऊन जायचा आणि पुढच्या खेपेला भावाला घेऊन यायचा. या एका वाक्यावर मास्तरांचा जन्म गेला. कुठलीही अडचण असो, थोडं कापलं, थोडं सोडलं की बसतं नीट, अशी त्यांची पक्की समजूत.

एकदा बायको म्हणाली, ड्रेस खांद्यावरून उतरतोय. मास्तरांनी कापडाला शिव्या घातल्या आणि तो बाजूंनी आत घेतला. मग दुसरा, मग सगळेच. एवढ्यांदा तर लग्न जमवतानाही तुम्ही मला पाहिलं नव्हतं, अशी ती माप देताना चेष्टा करायची. तिचं जेवण कमी झालेलं त्यांना दिसत होतं, पण ते टेपवर मोजता येत नव्हतं. आणि शिलाई अशी बेमालूम, की तिची सख्खी बहीणसुद्धा फसली.

ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे मास्तरांनी आणि मेहुणीने तिला डॉक्टरांकडे नेलं. वजन कधीपासून उतरतंय, त्यांनी विचारलं.

"कपडे तर अगदी अंगाबरोबर बसतात तिला," मास्तर म्हणाले.

मेहुणीने त्यांच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा ते कपडे आपणच आत घेत आलो, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. तपासण्या झाल्या. दुखणं पोटात सगळीकडे पसरलं होतं. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर बोलले.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिचा ड्रेस उलटा केला. आत शिलाईच्या रेघा, एकीच्या आत एक, सगळ्या सरळ आणि सुबक. त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.

"अहो, एवढा आत घ्या ना," ती पलंगावरून म्हणाली. "असलं ढगळ घालून चारचौघांत कशी जाऊ?"

तिला जवळ घ्यावं, माफी मागावी, असं खूप मनात आलं. त्यातलं काहीच कसं करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टेप उचलली. माप घेताना डोळे भरून आले, तरी मशीनवर बसून त्यांनी ड्रेस आत घेतला.

सकाळी निघताना दारात शेजारीण भेटली. किती छान दिसतेस, म्हणाली.