फूल खालून बघणारे माझे व्याही

अख्ख्या बनारसमध्ये भाव न करता भाजी घेणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही व्हावा, यासारखा अन्याय नाही. मी अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत भोजनालय चालवते. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या माणसांना पोळी, वरण-भात आणि ताक वाढत एका चुलीवरून तीन मजल्यांपर्यंत पोचले, ती काही गोड बोलून नाही. बटाट्याचा अडत्या मला लांबून पाहिलं की आधीच भाव उतरवून ठेवतो, म्हणजे नंतरचा आरडाओरडा वाचतो. आणि हे गृहस्थ! ठेलेवाल्यानं आकडा सांगितला की हे पिशवी उघडतात, वर ‘सकाळपासून उन्हात उभे असाल’ म्हणून त्यालाच पाणी विचारतात. एकदा त्यांच्या भाजीवाल्यानं मला काळजीनं विचारलं होतं, “माताजी, समधीजी की तबीयत तो ठीक रहती है न?”

त्यांची माझी पहिली भेट लेकीच्या लग्नाच्या बोलणीची. रेल्वेतून निवृत्त होऊन ते वरुणा नदीकडच्या एका जुन्या बंगल्यात भाड्यानं राहत होते. मी ठेवणीतली पैठणी नेसून, मुलाकडचे काय काय मागतील आणि त्यावर आपण काय काय म्हणायचं याची सगळी उजळणी करून गेले. त्यांनी मला दिवाणखान्यात नेलंच नाही. बगिच्यात विटांच्या ओट्यावर गुलाबाची झाडं होती, त्यांच्या खाली पाट मांडला आणि म्हणाले, “बसा.” पैठणीसकट मी पाटावर! वर पाहिलं तर सायीच्या रंगाची, कडेला गुलाबी झाक असलेली मोठाली फुलं, आणि प्रत्येकाची मान खाली.

“पाणी घालत नाही का कोणी यांना?” मी विचारलं.

“विहीणबाई, हे जुन्या जातीचे, चहाच्या वासाचे गुलाब,” ते म्हणाले. “यांचे देठ नाजूक, मान अशीच असते. आपण खाली बसलं की ते आपल्याकडे बघतात.”

अजून बोलणीला सुरुवात नव्हती आणि माणूस मला विहीणबाई म्हणून मोकळा झाला होता! पुढे मी जे जे म्हटलं त्याला “तुम्ही म्हणाल तसं.” मानपान? तुम्ही म्हणाल तसं. वऱ्हाड? तुम्ही म्हणाल तसं. मी तयार करून नेलेली बिनतोड उत्तरं तशीच परत आणली, ती अजून माझ्या पोटात दुखतात. निघताना चिडूनच म्हटलं, “मग निदान या झाडाची एक फांदी तरी द्या मला, लावायला.” तर हा तुम्ही-म्हणाल-तसं माणूस म्हणतो, “आधी जागा बघावी लागेल.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले. माझ्या गच्चीवर उभे राहिले, हवा हुंगली, खालून येणाऱ्या भट्टीच्या धुराकडे पाहिलं आणि इतक्या हळू आवाजात “नाही हो जमायचं” म्हणाले, की जणू माझ्या लेकीलाच नापसंत केलं. लेक त्यांनी आनंदानं नेली. फांदी दिली नाही. हा राग मी इतकी वर्षं जपला आहे आणि त्याला खतपाणीही वेळेवर घातलं आहे.

पुढे जाणं-येणं वाढलं तसं मला कळलं की हा माणूस झाडांच्या बाबतीत मुळी माणसांत नाही. एकदा मी मनाचा मोठेपणा दाखवून भोजनालयातली उकळलेली चहाची पत्ती बादलीभर पाठवली. चहाचे गुलाब, तर चहाच खात असतील, असा माझा सरळ हिशेब. पत्तीतल्या साखरेवर मुंग्यांची ही रांग लागली. त्यांचा फोन आला, “विहीणबाई, चहा यांच्या वासात असतो. यांना पाजायचा नसतो. पण मुंग्या फार खूश आहेत.” ज्येष्ठात लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, सुटली की स्वतःची धोतरं भिजवून झाडांभोवती पडद्यासारखी बांधत आणि आपण लेंग्यावर पंख्याशिवाय ओसरीत बसत. म्हणत, “यांना उकाडा चालतो, थंड मुलखात उलट कुढतात. फक्त झळ तेवढी नको.” देवपूजेला मात्र झेंडूची माळ बाजारातून, तीही सांगितलेल्या भावानं. बगिचा फुलांनी वाकलेला असताना विकतची माळ का, म्हणून मी भांडले, तर म्हणाले, “विकतच्या फुलात जीव गुंतत नाही. ते देवाला देता येतं.” पाऊस संपून माळी कैच्या घेऊन दारोदार फिरू लागले की हे फाटकाला कुलूप घालून आत उभे. बाकीचे गुलाब त्या दिवसांत सपासप छाटतात, यांना ते सोसत नाही म्हणे. माळी बाहेरून ओरडे, “बाबूजी, काटेंगे नहीं तो फूल कैसे आएगा?” आणि हे आतून, “तुम्हारे बाल काटने से अकल आई क्या?” जन्मात कुणाला टाकून न बोललेला माणूस, पण त्या दिवसांत त्याच्या तोंडाला लागायची माझीही छाती नव्हती.

मग गेल्या वर्षी जावयाची बदली पुण्याला झाली. इकडे घरमालकानं बंगला हॉटेलसाठी विकायला काढला. म्हाताऱ्याला एकट्याला ठेवायचं नाही, हे माझ्या लेकीनं ठरवलं. ठरवण्याच्या बाबतीत ती माझीच लेक आहे. पुण्याची सदनिका चौथ्या मजल्यावर, बाल्कनी कपडे वाळत घालण्यापुरती. बाकीची झाडं ओळखीच्यांत वाटली गेली, पण ओट्यावरचं सगळ्यात जुनं, माणसापेक्षा उंच झाड कुठं जाणार? बंगल्याबरोबर तेही जमीनदोस्त होणार होतं. लेक फोनवर म्हणाली, “आई, तू माग ना त्यांच्याकडे.” मी म्हटलं, “एकदा मागितलं होतं.” आणि फोन ठेवला.

ऐन जेवणाच्या गर्दीत एक दिवस ते स्वतः भोजनालयात आले. कोपऱ्यातल्या बाकावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मला तुमच्याशी घासाघीस करायची आहे.”

माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. “करा,” मी म्हटलं.

“झाड तुम्ही घ्या. पण छाटायचं नाही.” थांबले. “अगदीच वाळली असेल तर एखादी फांदी काढा. आणि फूल तोडायचं नाही. म्हणजे... सणावाराला एखादं देवाला...”

“अहो व्याहीबुवा!” मी ओरडले. जेवणारे दचकून बघायला लागले. “अशी करतात घासाघीस? मी अजून तोंड उघडलं नाही आणि तुम्ही दोन पायऱ्या खाली आलात! पुन्हा सुरू करा. माझ्याकडे बघून बोला आणि मागे हटू नका.”

त्यांनी चष्मा पुसला, ताठ बसले. “छाटायचं नाही.”

“बरं.”

“फूल तोडायचं नाही. देवालाही नाही.”

“बरं. पुढे?”

 ते नुसतं भट्टीच्या दिशेनं बघत राहिले.

“भट्टी मागच्या अंगाला हलवते,” मी म्हटलं. “धूर दुसऱ्या बाजूनं जाईल. आता जेवून घ्या, भात निवतोय.”

ते जेवले. मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या भावाला सौदा केला होता, आणि नशीब, अडत्या तिथे नव्हता.

थंडी पडल्यावर झाड मातीच्या गोळ्यासकट काढलं. मुळांना भिजवलेलं पांढरं धोतर गुंडाळलं आणि गोदौलियाच्या चौकापर्यंत टेंपोनं आणलं. पुढे आमच्या गल्लीत ठेलासुद्धा शिरत नाही. म्हणून बांबूला आडवं बांधून चौघांनी खांद्यावर घेतलं. मागे व्याही, अनवाणी, डोळे भरलेले, त्यांच्यामागे मी. आता काशीच्या गल्लीत पांढऱ्यात गुंडाळलेलं काही चार खांद्यांवरून निघालं तर लोक काय समजणार? दुकानदार उठून उभे राहिले. एकानं हात जोडले. पानवाला हळूच म्हणाला, “राम नाम सत्य है. कौन गुजर गया, माताजी?”

“कोई नहीं गुजरा! गुलाब है!” मी खेकसले.

मणिकर्णिकेच्या मसणवाटेला न लागता आम्ही भोजनालयाच्या जिन्याकडे वळलो, तेव्हा माणसं आणखीच बुचकळ्यात पडली. व्याही मात्र ज्यांनी ज्यांनी हात जोडले त्या प्रत्येकाला उलट नमस्कार करत होते. त्यांना कुणी काय समजलं याचं भानच नव्हतं.

गच्चीवर विटांच्या ओट्यात झाड लावून ते पुण्याला गेले आणि झाडानं सगळी पानं टाकली. मी रोज पाणी घालत होते आणि रोज त्याला शिव्या देत होते. फाल्गुनात एका फांदीला कळी दिसली. मी कुणाला सांगितलं नाही. उमललं त्या दिवशी भर दुपारी, खाली पंगत बसलेली असताना, व्हिडिओ फोन लावला.

“खालून दाखवा,” ते म्हणाले.

जाताना त्यांनी पाट माझ्याकडेच ठेवला होता. त्यावर बसून भागेना, फूल फारच खाली आलं होतं. शेवटी साठी उलटलेली मी गच्चीवर चक्क आडवी झाले आणि फोन छातीशी धरला.  खालून कुणीतरी ताक मागत होतं. मी उठले नाही. समोरच्यानं मान खाली घातली की मी आजवर भाव आणखी पाडत आले. या फुलापुढे काय मागावं, मला सुचेना.

“वास येतोय का?” त्यांनी विचारलं.

“येतोय.”

“चहाचा?”

“तुमच्या बगिच्यातला,” मी म्हटलं.

 मग तिकडून हळूच, “विहीणबाई, आहात ना?”

“आहे हो. तुम्ही बघा सावकाश.”