वणीची पोट्टी

पुण्याहून निघताना माझ्याकडे एक पिशवी होती आणि एक रुंद तोंडाचा थर्मास. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात स्टीलची डबी, डबीत कागदाची पुडी आणि पुडीत चिमूटभर पिवळी पूड. आमच्या बाल्कनीतल्या घटपर्णीच्या फुलांचे ते पराग होते.

"लोक यवतमाळ जिल्ह्यात वाघ बघायला जातात," नवरा म्हणाला, "आणि तू वेलीचं लग्न लावायला निघालीस." त्याला उत्तर देत बसले असते तर बस चुकली असती.

घटपर्णीच्या पानाच्या टोकाला झाकण असलेला घडा लोंबतो. त्यात पडलेली माशी जिरवून ही वेल पोट भरते. मूळची बोर्निओ-सुमात्राकडच्या दमट रानातली, त्यामुळे आपल्याकडे घरात जगवायची म्हणजे लाड फार. त्यात आणखी एक गोम अशी की हिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. फूल येईपर्यंत कोण कोण आहे ते कळत नाही, आणि कुंडीत वाढलेल्या वेलीला फूल सहसा येतच नाही. माझ्या वेलीला ते आलं आणि ती नर निघाली. त्याच सुमारास आमच्या घटपर्णीवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वणीच्या रुखसाना आपांनी फोटो टाकला. मिटलेल्या कळ्यांचा तुरा, आणि खाली लिहिलेलं, "आमच्या बेटीला कळ्या आल्या."

मी फोन केला. आपांचे मिस्टर रफीकभाई कुलर दुरुस्त करायचे. लेक लग्न होऊन आदिलाबादला गेली, त्याच आठवड्यात त्यांनी नर्सरीतून हे रोप मागवलं आणि लेकीच्या रिकाम्या खोलीत ठेवलं. म्हणून ती बेटी. रफीकभाई गेल्या वर्षी गेले. आता आपा मुलाकडे नागपूरला राहायला निघाल्या होत्या, आणि वेल खिडकीच्या गजांत अशी गुंतली होती की उचलून नेणं शक्य नव्हतं. "बी तरी झालं पायजे, ताई," त्या म्हणाल्या. "त्याईच्या (त्यांच्या) हातचं काहीतरी संगं यावं." फांदी कापून कलम करा, असं मी सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "त्याईनं वाढवलेल्या पोट्टीवर मी कैची (कात्री) नाही चालवत." पोट्टी म्हणजे मुलगी. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

यवतमाळला सकाळी उतरले तेव्हा ऊन आधीच डोळे वटारायला लागलं होतं. स्टँडवर चहा घेतला, गाड्यावरून बर्फ मागून थर्मास पुन्हा भरला आणि वणीची एसटी पकडली. शेजारी पदर डोक्यावर घेतलेल्या एक मावशी बसल्या होत्या. बराच वेळ त्या माझ्या मांडीवरच्या थर्मासकडे पाहत होत्या.

"चाय हाय काय?"

"नाही हो. नवरदेव आहे."

मग सगळं सांगावंच लागलं. मावशींनी ते एखाद्या नात्यातल्या सोयरिकीसारखं मन लावून ऐकलं. "पोरगी पाहेल हाय काय तुमी?"

"फोटो पाहिलाय."

"फोटोवरून काय समजते बाई," त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी हसले. तेव्हा थोडं कमी हसले असते तर बरं झालं असतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटला होता. कापूस वेचून झालेली शेतं, उभ्या वाळलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं), मधेच एखादं मोहाचं झाड. मारेगाव मागे पडलं तशी कोळशाच्या ट्रकांची रांग लागली आणि झाडांच्या पानांचा हिरवा रंग काळपट होत गेला. वणीत उतरून रुमालानं तोंड पुसलं तर रुमाल काळा. घटपर्णीला हवा स्वच्छ लागते, पाणी मऊ लागतं, गारवा लागतो. या गावात यातलं काहीही फुकट मिळण्यासारखं दिसत नव्हतं.

आपांचं घर मेकॅनिकांच्या गल्लीत आहे. आपा साठीच्या, ठेंगण्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. दारातच म्हणाल्या, "या ताई. टोंगळे दुखून राह्यले म्हनून स्टँडवर नाही आली. पाय धुवा, मंग पोट्टीले पाहा."

पोट्टी कुलरमध्ये राहत होती. विदर्भात घर तिथे कुलर. पण हा पत्र्याचा मोठा कुलर रफीकभाईंनी पंखा काढून उघडा केला होता. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, त्यांवरून पंपाचं पाणी अखंड झिरपत होतं. आत कुंडी. वेल वरून बाहेर पडून खिडकीचे गज धरून छताला भिडलेली, आणि पानापानाला तांबूस, मनगटाएवढे घडे. बाहेर चाळिशीपार ऊन आणि त्या कोपऱ्यात पावसाळी रान. माझ्या बाल्कनीतली वेल हिच्यापुढे अगदीच काडीपहिलवान. मला हेवा वाटला, तो लपवला नाही.

"पाणी कुठलं घालता? इथलं बोअरचं तर जड असेल."

"एसीचं," आपा म्हणाल्या. "मोबाईलच्या दुकानात कॅन लावून ठेवतात, मेडिकलवालाबी देते. गल्लीतलं कोनीबी आनून टाकते. पोट्टी काय माह्या एकटीची हाय काय?"

तेवढ्यात शेजारच्या वंदनावहिनी गोळाभाताचं (डाळीचे तिखट गोळे घालून शिजवलेल्या भाताचं) पातेलं घेऊन आल्या. घरात शेवयांची खीर तयार होतीच. लग्न म्हटल्यावर जेवण हवंच. वहिनींनी कुलरच्या पत्र्यावर लाल टिकलीसुद्धा लावलेली होती.

"उद्या परवा उमलतीन म्हनत होत्या तुमी," आपा म्हणाल्या, "आज सकाळीच उमलल्या. पाहा न."

मी स्टुलावर चढले. भिंग काढलं, डबी उघडली, रंगाचा बारीक ब्रश हातात घेतला. तुऱ्याच्या खालच्या फुलांचे पाकळ्यांसारखे पडदे मागे वळले होते. मादी फुलात मधोमध हिरवा फुगीर दाणा असतो. इथे बारीक दांडी होती आणि तिच्या टोकावर पिवळी गोळी. दुसरं फूल पाहिलं. तिसरं पाहिलं. बोट लावलं तर बोटाला पिवळी पूड.

मी स्टुलावर उभीच राहिले. बेटी बेटी ऐकून मीही तिला मुलगीच धरून बसले होते. फूल उमलू द्या, मग येते, एवढं म्हणायचं मला सुचलं नव्हतं. आता या बाईला सांगायचं कसं?

"काहून बोलत नाही?" आपांनी विचारलं.

"आपा, बी नाही होणार. ही... हा पण नरच आहे."

मग वंदनावहिनी सावकाश म्हणाल्या, "म्हंजे पोट्टा हाय? अन् मी त्याले टिकली लावून राह्यली?"

आपांनी ओढणी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, म्हणून मी घाईघाईनं खाली उतरले. त्या हसत होत्या. हसता हसता डोळे भरले आणि मग खरंच रडल्या. वहिनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मीही रडले. प्रवासवर्णनात हे लिहू नये म्हणतात, पण रडले ते रडले.

जेवण कोणाच्या गळ्याखाली उतरेना असं काही झालं नाही. गोळाभात फर्मास होता आणि मी दोनदा घेतला. पण आपा मधूनच कुलरकडे बघायच्या. घरमालकाला चावी द्यायची वेळ जवळ आली होती. त्यानंतर पंप बंद, आणि या गावच्या उन्हात वेल आठवडाभरही टिकली नसती.

हात धुऊन आपा उठल्या आणि शिलाईच्या डब्यातून कात्री काढून माझ्यापुढे धरली. "तुमी कापा."

मी कात्री स्पिरिटनं पुसली. खोडावर कुठे कापायचं ती जागा बोटानं दाखवली. पातं टेकवलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "पोरीचं लगन केलं तवाबी काळजाले कैचीच लागली होती. पोरगी मजेत हाय तिकडं."

त्यांनी स्वतः कापलं. काप सरळ पडला. एक तुकडा नागपूरसाठी, एक वंदनावहिनींसाठी, एक मोबाईलच्या दुकानासाठी आणि एक माझ्यासाठी. पानं अर्धी छाटून, ओल्या शेवाळात खोचून आम्ही वर पिशव्या बांधल्या. उरलेल्या खोडाशी आपा काहीतरी पुटपुटल्या. ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

निघताना मी डबीतले पराग वहिनींच्या अंगणातल्या जास्वंदीला वाहून टाकले. थर्मासमध्ये आता बर्फ नव्हता. शेवाळासकट ओल्या मलमलीत गुंडाळलेलं कलम होतं. आपांनी थर्मासच्या मुठीला हिरव्या कापडाची पट्टी बांधली. आत नाणं होतं. हा इमामजामिन. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर, सुखरूप पोचावा म्हणून बांधतात.

"मुलीलाही बांधला होता?"

"तिलेबी. यानंच बांधला होता," त्या कुलरकडे मान करून म्हणाल्या. मग जीभ चावली. "यानं म्हंजे त्याईनं."

परतीच्या एसटीत कोणी चहा विचारला नाही. मला सारखं वाटत होतं, एवढ्या लांब जाऊन मी नेमकं काय केलं? नेलं ते उपयोगी पडलं नाही, आणि जे घडलं ते आपांनीच केलं. पण कधीकधी कात्री चालवताना शेजारी कोणी उभं असावं लागतं, बस्स. तेवढं मी उभी होते.

पावसाळा सरता सरता माझ्या कलमाला नवं पान आलं, आणि त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा घडा. ती हिरवी पट्टी मी कुंडीच्या गळ्यात बांधली आहे. परवा एक ओळखीचे बागप्रेमी आले, भिंग डोळ्याला लावून वाकले आणि त्यांनी विचारलं, "नर आहे की मादी?"

"पोट्टी आहे," मी म्हणाले, आणि घड्याचा फोटो काढून आपांना नागपूरला पाठवला.