बेणलेली बाग

फोनवर पलीकडे रेहानाच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. सकाळी त्या वेळेला दुसरं कोण? "येते गं बाई, चहा तरी घशाखाली उतरू दे," असं मी म्हणूनही टाकलं. पलीकडून आला तो सलीमभाईंचा, तिच्या नवऱ्याचा आवाज. "ताई, ती उठलीच नाही." कुवेतहून ते नुकतेच रजेवर आले होते. तेच वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं, जणू स्वतःलाच ऐकवत होते. मी धावत पोचले तेव्हा दारात तिच्या चपला होत्या. तळव्यांना आदल्या संध्याकाळची लाल माती, अजून ओली. आत लोबानाचा धूर. माती ओली आहे आणि माणूस नाही... इतके आठवडे उलटले, तरी मला हे उमगलेलं नाही.

रेहाना शाळेत विज्ञान शिकवायची, मी शेजारच्या वर्गात मराठी. १९९८च्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतल्या मोकळ्या जागेवर सगळ्यांसाठी बाग करायचं ठरलं. वसाहतीचे अध्यक्ष अण्णा यांची पावस गावी हापूसची कलमं. त्यांच्या मनात हिरवळ होती, गुलाब होते आणि मधोमध कारंजं. रेहानानं मागितलं ते मात्र सड्यावरचं, इथल्या कातळी माळावरचं रान: करवंद, धायटी, दिंडा आणि त्यावर चढवायला सापसंदाची वेल. इथल्या पाखरांच्या आणि फुलपाखरांच्या ओळखीचं, इथलंच. आम्ही पहारीनं जांभा फोडून खड्डे केले. तापलेल्या खड्ड्यात पाण्याची बादली ओतली की भाजक्या मडक्याचा वास उठायचा आणि रेहाना डोळे मिटून तो आत घ्यायची. दोन पावसाळ्यांत रान डोक्याएवढं झालं, आणि अण्णांची तक्रारही.

"बाई, पानांची चाळण झाल्ये! औषध मारू?"

"नको हो अण्णा, सुरवंट जेवतायत."

"मग झाडं लावलीत कशाला?"

"त्यांच्या जेवणासाठीच."

"आमच्या कलमांवर बसले असते म्हणजे कळलं असतं तुम्हाला!"

"पाठवू का पावसला? गाडीभाडं माझं."

अण्णा हात जोडून निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद घालायला हजर व्हायचे. पुढे एका सकाळी त्या वेलीवरून वीतभर रुंदीचं फुलपाखरू उठलं. काळ्या मखमलीवर हळदीचा हात फिरवावा तसे त्याचे पंख. सारी वसाहत चहाचे कप हातात धरून थिजली होती. अण्णांनी टोपी काढली होती, हे मला स्पष्ट आठवतं.

म्हणूनच तिची शोकसभा बागेत घ्यायची, हे त्यांनीच ठरवलं. मी पोचले तर बाग दिसेना... पांढरे कपडे घातलेली माणसं, रांगेत खुर्च्या, चुन्यानं रंगवलेले चिरे आणि त्यांच्यामध्ये उघडी, लाल जमीन. कापलेल्या हिरव्याचा कच्चा वास गळ्यापर्यंत आला. पावसाळा सरला की कलमांखालचं रान कोयत्यानं साफ करतात, त्याला आमच्याकडे बेणणी म्हणतात. ज्या बागेवर माया असेल, ती आधी बेणली जाते. अण्णांनी पावसहून आपले गडी आणून रेहानाची बाग बेणून घेतली होती.

"लख्ख झाली ना?" त्यांचे डोळे भरलेले होते. "बाईंसाठी केलं हो. लोक यायचे, त्यांना काय रानात बसवायचं?"

"अण्णा, वेल कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडच्या ढिगाकडे बोट दाखवलं. संध्याकाळी तो जाळून राख उरलेल्या बुंध्यांशी घालायची होती. मी ढिगातून सापसंदाचा एक फाटा ओढला. त्याखाली तपकिरी, मुडपलेलं काही लोंबत होतं.

"सुकलं पान आहे ते," अण्णा म्हणाले.

मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते वळवळलं.

"कोश आहे, अण्णा. आत फुलपाखरू आहे."

अण्णा तसेच, हात पुढे धरून, मातीत बसले. "मी... अहो, मी हे सगळं..." वाक्य पुरं झालं नाही. भाषणंही झाली नाहीत. शुभ्र कपड्यांतली माणसं ढिगाभोवती उकिडवी बसली आणि फांदीन् फांदी उलटून पाहू लागली.

सापडलेले कोश सलीमभाईंनी आपल्या पडवीत, दोरीला फाट्यांसकट टांगले आहेत. बागेत आता अण्णा कोणाला कोयता नेऊ देत नाहीत. बुंध्यांना फुटवे आले का, ते वाकून वाकून बघतात आणि मग या पडवीत येऊन बसतात. काल त्यातला एक कोश काळा पडलेला दिसला.

"मेला, की आता उघडायचाय?" अण्णांनी हळूच विचारलं.

सलीमभाईंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी, विचारण्यासाठी, आतल्या दाराकडे पाहिलं.