दाढीची चौकशी

"आणि दाढी? किती दिवसांनी करतोस?"

मूल होत नाही म्हणून आलेल्या नवऱ्यांना आमचे डॉक्टर हे हमखास विचारायचे. मी त्यांचा कंपाउंडर. पडद्यामागे औषध घोटता घोटता ऐकायचो आणि म्हणायचो, या माणसाने अलिबागेत दवाखान्याऐवजी केशकर्तनालय काढायला हवं होतं.

काशीदचा हिराजी कोळी आला तेव्हा म्हणाला, "आठवड्यानं एकदा करतो. येतच न्हाय फारशी." त्याच्या आईने वांझ म्हणून सून माहेरी धाडली होती. काडीमोड करायचं चाललं होतं. "पारूला परत आनायचीय, डाक्तर," म्हणाला आणि रडायलाच लागला.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बीज कमी, तेही सुस्त. हाताने तपासलं, तर वृषणाशेजारच्या शिरा फुगून त्यात रक्त साचलं होतं. त्यांनी आईलाच बोलावलं. "दोष सुनेचा नाही. मी याच्या शिरा बांधतो, तू सुनेला घरी आण. वर्षभर कळ काढ." म्हातारी फणफणली, पण सुनेला आणून पुढच्या वर्षीच्या नारळी पुनवेपर्यंत थांबायला कबूल झाली.

होड्या किनाऱ्यावर ओढल्या होत्या, त्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं.

मी एकदा विचारलंच, "डॉक्टर, मुलाचा आणि दाढीचा संबंध काय?"

"बीज जिथे तयार होतं, तिथूनच पुरुषपणाचा रसही रक्तात उतरतो. हार्मोन म्हणतात. शिरा बांधल्यावर तो वाढतो का, हे मला बघायचंय. मोजायचं यंत्र माझ्याकडे कुठलं? म्हणून दाढी." मग स्वतःच हसले. "एका माणसाच्या दाढीने काही सिद्ध होत नाही, बरं का."

आणि हा पठ्ठ्या दिवाळीनंतर आला तो दाढी वाढवून. मूल होईपर्यंत वस्तरा लावणार नाही, असा देवीला नवस बोलला होता.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे, आता मी काय बघू? ही जोमाने वाढली की नुसती साचली?"

"नवस हाय, डाक्तर. मोडता येत न्हाय."

डॉक्टरांनी दाढी ओढून बघितली, त्याला खिडकीशी नेऊन बघितली. मला हसू आवरेना.

शिमग्यानंतर हिराजी यायचाच थांबला. डॉक्टर काशीदकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, कोणाला धड ठाऊक नसायचं. नारळी पौर्णिमा गेली तेव्हा म्हणाले, "काडीमोड झाला वाटतं. पोरीला उगाच आशा लावली." दुखण्याने त्यांना अंथरुणाला खिळवलं तेव्हाही विचारत होते, काशीदचं कोणी आलं का. मला त्या हिराजीचा भयंकर राग यायचा. गणपतींनंतर डॉक्टर गेले.

दसऱ्याच्या सुमारास मी दवाखान्यातली कपाटं आवरत होतो. दारात एक बिनदाढीचा माणूस उभा. ओळखलाच नाही.

"मी हिराजी. पोरगी झाली. दिवस गेल्याचं आईनं सांगू दिलं न्हाय, नजर लागंल म्हनून. आता तीच पारूच्या बाळंतपनात राबतेय. डाक्तर कुठं हायत?"

मी सांगितलं. तो बाकावर बसला. मग माझा हात धरून त्याने आपल्या गालावर ठेवला.

"कालच केलीय. बघा तुमी."

गाल खरखरीत लागला.

मी त्यांच्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "वाढली, डॉक्टर."