दोर धरणारा मेव्हणा

मधमाशी चावली नाही अशी जागा मोतीराम हिलमच्या अंगावर शोधावी लागेल. गागोद्याच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. तिथं सातेरी झाडाच्या ढोलीत बसते, फुलोरी करवंदीच्या जाळीत तळहाताएवढं पोळं लटकवते, आणि आग्या उंच कड्याला. पहिल्या दोन कुणीही काढाव्यात. आग्याला मोतीराम.

एका आग्यानं नांगी मारली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. वास आला की मोतीराम दोरावर निपचित लटकून राहायचा. नांगी चिमटीत धरायची नाही, नखानं खरवडायची. चिमटीत दाबली तर विषाची पिशवी अंगात रिकामी होते. संध्याकाळी सुजलेलं तोंड घेऊन वाडीत हसत यायचा. "इतकं वीख प्यायलंय अंग, नाग चावला तर नागच मरंल."

कड्यावर दोर मेव्हण्यानं धरायचा, हा वाडीचा रिवाज. सख्ख्या भावानंही नाही. भाऊ जमिनीच्या तुकड्यावरून फिरू शकतो. मेव्हणा बहिणीचं कपाळ पांढरं पडू देत नाही. मोतीरामचा दोर त्याच्या बायकोचा, कमळीचा भाऊ विलास धरायचा. रोह्याला कंपनीत लागल्यावरही मध काढायच्या दिवसांत शिफ्ट बदलून यायचा.

यंदा शिमग्यानंतर लाकूड फोडताना ढोलीतली एक सातेरी मोतीरामला कानामागं चावली. एकच. अंगभर गांधी उठल्या, ओठ फुगले, घसा आवळला. शेजारच्या शिवानं त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून कमळीनं धरलं. पेणला इंजेक्शन मिळालं म्हणून वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर या विषाला उलटलंय. पुढच्या वेळी एक माशी पुरे होईल. कुठलीही."

त्यातलं 'कुठलीही' मोतीरामनं सोडून दिलं.

"मला सातेरी बाधली गो," तो कमळीला म्हणाला. "आग्याची जातच येगळी. वीखबी येगळं."

"डॉक्टरीण येडी हाय?"

"ती कधी कड्यावर गेलीय?"

"ती नाय गेली. तूच गेलास तिच्याकडं. माज्या खांद्यावर मान टाकून."

वैशाखात विलास आला. दोघं कड्यावर चढले. मोतीरामनं दोर कमरेला बांधून दुसरं टोक त्याच्यापुढं टाकलं. विलासनं हात काखेत घातले.

"धर की."

"नाय, दाजी."

"कंपनीनं बळ काढून घेतलं काय रं?"

"बळ हाय. ताईसाठी धरत होतो. आता तिच्यासाठीच नाय धरत."

"मग दुसरा बघतो."

"बघा. ताईला दुसरा भाऊ हाय काय?"

मोतीरामनं टोक अंजनीच्या बुंध्याला गुंडाळलं, कडेला पालथा झोपून खाली पाहिलं. पोळ्यावरच्या माश्यांची काळी साय एका बाजूनं हलली, लाट सरकत गेली. एक माशी वर आली, त्याच्या तोंडापुढं घुमली. त्याचा हात आपसूक गळ्याकडं गेला. माशी निघून गेल्यावरही तो तसाच पडून होता.

मग मागं सरकून कमरेची गाठ सोडू लागला. ती सुटेना. विलासनं पुढं होऊन सोडवली.

"तू उतरतोस?" मोतीरामनं विचारलं.

"मला माशीचं भ्या वाटतं, दाजी."

"म्हाईत हाय. म्हणून तर वर ठेवायचो तुला."

रिकामा डबा घेऊन दोघं वाडीत आले. लोक जमले. मोतीराम म्हणाला, "काय करणार? यंदा मेव्हणाच भ्याला."

कमळीनं भावाकडं पाहिलं.

"व्हय," विलास म्हणाला. "लय भ्यालो."