छापील मापाची चड्डी

रविवारी सकाळी टीव्हीवर मुष्टियुद्ध लागलं की नारायण पिसे अण्णा शिलाई मशीन थांबवत, गळ्यातली टेप काढत आणि सरळ पडद्यावर लावत. निवेदक दोघा खेळाडूंच्या हातांची लांबी सांगे, ती अण्णांना कधीच मान्य नसे. "याची बाही चौतीस. तो गोरा निवेदक थापा मारतोय." कसं मोजलं म्हणून विचारलं तर म्हणत, "खांदा चार बोटं दिसतो, हात नऊ बोटं. त्यात काय?"

बेंगळूरच्या यशवंतपुरात त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. कारखान्यात नोकरी. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी.; कुणी विचारायच्या आत मी ते सांगत असे. अण्णांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलेले, शाळा चौथीपर्यंत. मला ते 'बीएस्सी' अशीच हाक मारत.

"हलक्या गड्यांना दोन-दोन किलोला वेगळा गट," ते म्हणत, "आणि हेवीवेट आलं की फ्री साइझ! नव्वदचा घाला, सव्वाशेचा घाला. मी असं शिवलं तर गिऱ्हाईक कैची घेऊन मागं लागेल." नुसता हरायला आणलेला गडी त्यांना घंटा वाजायच्या आधीच ओळखू येई. "हा अस्तर आहे बघ. कोट त्या दुसऱ्याचा."

"अण्णा, पण कौशल्य म्हणून काही असतं की नाही?" मी शिकलेला असल्यामुळे वाद घालणं मला भागच होतं.

"असतं की. पण बारीक सुईनं ताडपत्री शिवायला गेलं की सुई मोडते. ताडपत्रीला काय होतंय?"

एका वर्षी शहरात खरोखरच धंदेवाईक मुष्टियुद्धाचा सामना ठरला. एका बाजूला आमचा मुरुगेश, देशातला अव्वल खेळाडू, जे. पी. नगरात राहणारा, दुसऱ्या बाजूला परदेशातला एक नावाजलेला गडी. पोस्टरवर दोघांचं वजन एकच छापलेलं, आणि फोटोही असे कापून चिकटवलेले की दोघांची डोकी एका रेषेत. दोघांच्या सॅटिनच्या चड्ड्या शिवायचं काम अण्णांकडे आलं. हॉटेलात जाऊन परदेशी गड्याचं माप घेऊन आले आणि पोस्टरसमोर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मुरुगेश माप द्यायला आला. अण्णांनी टेप त्याच्या कमरेभोवती तशीच धरून ठेवली.

"मुरुगेशा, तुझी कंबर तीस. त्याची अडतीस. हात तुझा सोन्यासारखा आहे रे, पण नको लढूस."

"अण्णा, इंटरनॅशनल मॅच आहे. पुन्हा कोण बोलावणार मला?"

"जबडा फुटल्यावर तर कुणीच नाही."

"स्वल्प सैल शिवा," एवढंच म्हणून तो गेला.

मी अण्णांना समजावलं, की वजन अधिकृत आहे, चक्क छापलेलं आहे. अण्णांनी मान डोलावली. "सरी, ठीक. छापलंय म्हणतोस ना?" आणि पोस्टरची घडी करून खिशात घातली.

सामन्याच्या आदल्या दिवशी हॉटेलात पत्रकारांसमोर दोघांना सजवून उभं करायचं होतं. मुरुगेश ऐटीत मंचावर आला. पडद्यामागून मात्र आधी धापा ऐकू आल्या, मग 'टर्र', मग परदेशी शिव्या. मांडीपर्यंत चढून चड्डी उसवली होती.

"काय शिवलंय हे? तूच ना माप घेतलंस?" आयोजक ओरडला.

अण्णांनी पोस्टर उलगडलं. "घेतलं होतं, साहेब. पण मी अडाणी माणूस, माझ्या टेपपेक्षा तुमचा कागद मोठा. दोघांचं वजन एक, म्हणून दोघांना एकच माप. चुकलं असेल तर काटा मागवा."

पत्रकारांना तेवढंच हवं होतं. हॉटेलच्या कोठारातला, बटाटे तोलायचा काटा आला. दोघांत वीस किलोंचा फरक निघाला आणि सामना तिथंच बारगळला. मी पोस्टरकडे पाहत उभा होतो. तो मुक्काम संपेपर्यंत बी.एस्सी.चा विषय मी आपणहून काढला नाही.

संध्याकाळी मुरुगेश दुकानात आला. मला वाटलं, पाया पडेल. त्यानं आपली चड्डी कटिंगच्या टेबलावर आपटली. "दहा वर्षं घासली मी यासाठी. मार खायचा की नाही ते मी ठरवलं असतं. तुम्ही कोण?"

अण्णांनी चड्डी उचलून तिची घडी केली. "कुणी नाही रे," म्हणाले.

तो कन्नडमध्ये शिव्या देत रस्त्यानं निघाला. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जात होत्या. अण्णा मशीनवर बसून पाय मारत राहिले. सुईखाली कापड नव्हतं. आवाज पुरता लांब गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस, बीएस्सी? शब्द न् शब्द स्पष्ट येतोय. जबडा जागेवर आहे त्याचा."