बियाला ठेवलेला दोडका

आमच्या शेजारच्या काकांच्या परसात वांगी, भेंडी, दोडके भरभरून लागतात. तरीही काका दर दोन दिवसांनी पिशवी घेऊन परभणीच्या मंडईत भाजी आणायला जातात. कारण एखादं फळ जरा देखणं दिसलं की ते त्याच्या देठाला लाल चिंधी बांधतात. "हात लावू नका, बियाला ठेवलंय." आणि त्यांना सगळीच देखणी दिसतात. मग वांगी पिवळी पडतात, भेंडी काठीसारखी वाळते आणि बियांच्या पुड्या गल्लीभर वाटल्या जातात.

यंदा त्यांचा दोडक्याचा वेल भिंतीवरून आमच्याकडं उतरला. इकडच्या एकुलत्या एका दोडक्यालाही त्यांनी चिंधी बांधली होती, पण ती पानाआड गेली आणि बायकोनं दोडका तोडून भाजी केली.

दुपारी काका दारात आले. हातात वेलाखाली सापडलेली चिंधी होती. "झरी गावच्या आमच्या आक्कानं दिलेला वाण होता," एवढंच बोलले. मी त्यांच्यापुढं ताट वाढलं. त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली आणि हात धुताना हळूच म्हणाले, "रिटायर झाल्यापासून लावायलोय. असा लागतो व्हय हा."